चार नांगर आणि राहिलेलं एक गाव

प्रिय मोठेबाबा,

आणि म्हणूनच मी आबांना अजून काही कळवलेलं नाही.

कालपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, तेच आता कागदावर चालू ठेवते. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, कुणास ठाऊक! आमच्या मिसबाई म्हणतील, सेंटिमेंटल. पण मग विचारू कुणाला? बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "तुले जसं वाटते तसं कर." तुम्ही असं कधीच म्हणाला नसता.

येत्या शनिवारी मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं चांदूरला जाते आहे. तिथून पायी आपल्या गावी, आबांकडे. आबांनीच नातीला बोलावलंय. काय ऐकायला बोलावलंय ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगेन. आधी दुसरं.

तुमचं शास्त्र, ते मराठी बायबल, आता माझ्याकडे आहे. बाबांनी दिलं. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तुम्ही पेन्सिलीनं गावांची नावं लिहिली आहेत आणि प्रत्येक नावापुढे फुली मारली आहे. फक्त आपल्या, चांदूरच्या गावापुढे फुली नाही. मला वाटलं, दौऱ्याची यादी असेल. त्या फुल्या कशाच्या आहेत हे मला मागच्या आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभी राहते. पोरींना दिसू नये म्हणून.

ती राहिलेली फुली मी मारू का? एवढंच विचारायचंय. पण त्याआधी बरंच काही कबूल करावं लागेल.

मोठेबाबा, तुम्ही बत्तीस वर्षांचे होईपर्यंत एक अक्षर वाचलं नव्हतं ना? अमरावतीच्या बाजारात वांगी घेऊन बसायचात. शेजारी एक गोरा साहेब मोडक्या मराठीत काहीतरी सांगत उभा राहायचा, आणि तुमचं गिऱ्हाईक वांगी सोडून त्याची गंमत पाहायला जायचं. तुम्ही चिडून उठलात. "भांडाले गेलतो पोरी, आन आयकतच उभा राह्यलो. वांगे तिकडं गाईनं खाल्ले." किती वेळा सांगितलंत हे! दर वेळी गाय मोठी होत गेली.

मग मिशनच्या वर्गात लहान मुलांच्या मागे बसून तुम्ही बाराखडी शिकलात. बोट ठेवून वाचायचात, मोठ्यानं, खोलीत एकटे असलात तरी. मला आधी हसू यायचं. आता तुमच्या पुस्तकाची पानं उघडते तर प्रत्येक ओळीखाली बोटाचा मळकट पट्टा आहे. माझ्या इंग्रजी शास्त्राची पानं कोरी करकरीत आहेत. बक्षिसाचं पुस्तक ना ते!

सगळ्यांत तुम्हाला आवडायचा पौल, गावोगाव येशूचं सांगत फिरणारा. बाकीचे एका जागी बसलेले, हा चालणारा. शाळेत आमच्याकडे त्याच्या प्रवासांचा मॅप होता, पहिला प्रवास लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा. तुमचा मॅप वेगळाच. अंत्युखिया म्हणजे अमरावती, कारण तिथून माणसं पाठवतात. करिंथ म्हणजे अकोला, कारण तिथे व्यापारी फार आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. आणि रोम म्हणजे नागपूर! "खाली न्याव भेटला नाई तं पौलानं काय केलं? थेट नागपूरले अपील ठोकली!" अमरावतीच्या वकिलांच्या गल्लीत हे सांगितलंत तेव्हा ओट्यावर बसलेले वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले होते, "बुवा, त्या पौलाचा पत्ता द्या, अशील चांगला आहे." तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "तो आता वरच्या कोर्टात हाय."

हे सगळं सोपं आहे लिहायला. नांगराचं तसं नाही.

पौलाला कैदी करून रोमला नेत होते. गव्हाचं जहाज. वाटेत वादळ. आपल्या वऱ्हाडात समुद्र कुणी पाहिलाय? तुम्हीही नव्हता पाहिला. पण बाजारात, निंबाखाली उभे राहून तुम्ही म्हणायचात, "पूर्णेचा पूर पाह्यला ना तुमी? आता असं समजा, का दुसरा काठच नाई. जिकडं पाहा तिकडं पूर. त्याले समुद्र म्हंते." लोक टोपल्या खाली ठेवायचे.

"चौदा दिवस ना सूर्य, ना चांदन्या. आंधी माल फेकला. मंग जहाजाचं सामान फेकलं, आपल्या हातानं. आन मंग..." इथे तुम्ही थांबायचात. "मंग त्याइनं चार नांगर टाकले."

एकदा कुणीतरी मागून ओरडलं होतं, "काहो बुवा, आमच्या अख्ख्या गावात नांगर दोन. त्यातला एक पाटलाचा. आन तुमच्या एका जहाजात चार?"

खरंच होतं त्याचं. आपल्या काळ्या मातीत दरवर्षी वखर चालतो. नांगर काही वर्षांनी एकदा निघतो, त्याला चार-चार बैलजोड्या लागतात, शेजाऱ्यांच्या जोड्या मागाव्या लागतात. नांगर म्हणजे घरातला मोठा माणूसच. पण तुमच्याकडे उत्तर तयार होतं. "गहू घेऊन जाऊन राहिले होते ना? मंग गहू काय आभायातून पडला? कास्तकार होते जहाजात. नव्या मुलखात वावर कसाले नांगर संग घेतले होते."

"आन ते पान्यात टाकले?"

"टाकले."

"मंग काय केलं त्याइनं?"

"काई नाई. दिवस निंघाची वाट पायत बसले."

अख्खा बाजार सभोवती ओरडत असायचा आणि त्या निंबाखाली शांतता. आणि मग हळूच, "ज्याच्या हातचा नांगर गेला, त्याच्यापाशी काय राह्यलं? उजेडाची वाट. आन उजेड काई आपल्या हातचा नाई, बापाहो. तो त्याच्या हातचा." आणि बोट वर.

मी लहान असताना ऐकून रडले होते. हेही लिहिलं पाहिजे. मी रडले होते!

आता आबा. तुम्ही बाप्तिस्मा घेतलात तेव्हा आबांनी तुमची थाळी उंबऱ्याबाहेर ठेवली. भांडण नाही, शिवी नाही, नुसती थाळी बाहेर. मग माझे बाबा तुमच्यामागून गेले तेव्हा दुसरी थाळी. दरवर्षी तुम्ही जायचात, अंगणात उभे राहायचात, आबा मोट हाकत राहायचे, तुम्ही परत यायचात. नऊ वर्षं. बाबा म्हणतात, मी तर दोनदा जाऊन थांबलो, दादा मात्र जात राहिला.

आणि मग तो दिवस. तुम्ही आबांना सांगत नव्हतात, विहिरीवर पाणी प्यायला आलेल्या शेजाऱ्याला सांगत होतात. वादळ, चौदा दिवस, चार नांगर. मोटेचा आवाज थांबला. आबांनी बैल उभे केले.

"नांगर टाकले म्हंतं?"

नऊ वर्षांतला पहिला शब्द!

"हो आबा."

"तुमच्या त्या पोथीत कास्तकार हाय?"

"हाय ना."

"मी समजत होतो, सारे साहेबच हाय." असं म्हणून आबा घोंगडीवर जरा सरकले. "बस."

आबा ख्रिस्ती झाले नाहीत. सोमवारी महादेवाला जातातच. पण तुमची थाळी आत आली. आणि त्यानंतर तुम्ही कधीही गेलात की रामराम व्हायच्या आधी आबांचा प्रश्न ठरलेला, "काबे सखाराम, सापडले का त्याचे नांगर?" आणि तुम्ही म्हणायचात, "नाई आबा. दोर तोडून देले, तसेच समुद्रात राह्यले." मग आबा 'च्च' करायचे, आणि बराच वेळ दोघं त्या चौघा कास्तकारांच्या नुकसानीबद्दल बोलत बसायचात. बाभळीचे असतील की सागाचे? बाभळीचे असतील तर पाण्यात कुजायचे नाहीत. कुणीतरी खाली उतरून पाहायला काय हरकत होती? बाप-लेक! देवाबद्दल बोलता येत नव्हतं, तर नांगराबद्दल बोलायचात.

हे सगळं मला माहीत होतं, मोठेबाबा. माहीत असूनही मी तसं केलं.

अमरावतीचा नाताळचा मेळावा. मी मॅट्रिकच्या वर्गात. तोच अध्याय इंग्रजीतून पाठ केला होता, स्पर्धेसाठी. तुम्ही व्यासपीठावर उभे राहून सांगत होतात आणि मी आतून नुसती उकळत होते. का माहीत नाही! राग नव्हता तो. मला माहीत आहे, मला माहीत आहे, असं काहीतरी. तुम्ही "चार नांगर टाकले" म्हणालात आणि मी बायकांच्या रांगेतून उठले.

"मोठेबाबा, मिस्टेक! तो शेतातला नांगर नाही. इंग्रजीत अँकर आहे! जहाज थांबवायचा लोखंडी आकडा. मराठीत दोन्हीला नांगरच म्हणतात!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बुवानं समुद्र नांगरला!"

किती हसले सगळे! पाळकसाहेब रुमालामागे हसले. गोऱ्या साहेबांनी बिचाऱ्यांनी सांभाळून घ्यायला फळ्यावर चित्र काढलं, त्यानं अजूनच हसू आलं. आणि मीही हसले. तुमच्याकडे पाहत हसले. मला वाटलं, तुम्हीही हसाल आणि म्हणाल, पाहा माझी पुतणी!

तुम्ही पुस्तक डोळ्यांजवळ नेलंत. त्या शब्दावर बोट ठेवलंत. "अक्षरं तं तेच हाय," म्हणालात. मग म्हणालात, "मले ठावं नव्हतं. बरं झालं पोरी, सांगतलं." आणि खाली उतरून बसलात. गोष्ट अर्धीच राहिली. जहाज तसंच वादळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याकडे आलात. "त्याले फाळ रायते का?" "एवढ्याशा आकड्यानं एवढं जहाज थांबते?" "मंग ओढून काढतेत कसं?" मला म्हणालात, चित्र काढून दे. मी तुमच्या शास्त्राच्या समासात अँकर काढला आणि खाली इंग्रजीत स्पेलिंगही लिहिलं! तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तरी लिहिलं! आज ते पान उघडलं की मला माझंच अक्षर नकोसं होतं.

तुम्ही मला रागावला का नाहीत? एक थप्पड तरी द्यायची. काहून नाही बोललात? तुमचं हे नेहमीचंच, आतल्या आत ठेवायचं. आबांचेच चिरंजीव!

त्यानंतर ती गोष्ट तुमच्या तोंडून कुणी ऐकली नाही. कंपाउंडातली पोरं महिनाभर तुम्हाला पाहून 'हुर्र हुर्र' करत बैल हाकायची. मला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. दोन वर्षं मी अशी समजूत करून घेतली, की मोठेबाबांनी चूक सुधारली आणि विषय संपला.

यंदा जूनमध्ये मी अकोल्याच्या शाळेत शिकवायला लागले. तुमची खोली त्याच कंपाउंडात. तुम्ही भर पावसात कुठेकुठे चालत जायचात, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायचात. मी ओरडायचे. हिवाळ्यात जा ना दौऱ्यावर! "थोडेच गावं राह्यले, पोरी." कशाची गावं, हे विचारायचं सुचलंच नाही मला. मग हिवताप आला, गेला, आला. आणि अश्विनात तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी पहिल्यांदा बार्शीटाकळीला गेले, शाळेतल्या बायांबरोबर. तुमच्याच निंबाखाली. तिथे एक बाई झेंडूची टोपली घेऊन आली. गुंफाबाई. फुलांचा मळा आहे तिचा, तुमच्याच गोष्टीमुळे ती प्रार्थनेला यायला लागली. तिनं आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"बुवाची पुतनी कोनती वं? इंग्रजीवाली?"

मी म्हटलं, मी.

"तूच चूक काढली म्हंते."

मला वाटलं, आता ही मला चार लोकांत बोलणार. बोलू दे, वाटलं. पण ती टोपली ठेवून खाली बसली. "बुवा आलते ना मांगच्या हिवाळ्यात. दारात उभे राह्यले, जोडे काढून. मी म्हटलं या ना अंदर. तं म्हंते, नाई, आंधी आयकून घे. गुंफाबाई, मी तुले चुकीचं सांगतलं. माफी मांगाले आलो."

"कशाची माफी?"

"मीबी तेच इचारलं. तं म्हने, तो नांगर आपला नोहे. लोखंडाचा आकडा होय. पुस्तक काढून चित्र दाखवलं. तुह्या हातचं म्हंते ते चित्र?"

मी मान हलवली.

"मंग मी म्हटलं, बुवा, चार होते का नाई? म्हने, होते. म्हटलं, टाकले का नाई? म्हने, टाकले. दिवस निंघाची वाट पाह्यली का नाई? म्हने, पाह्यली. मंग म्हटलं, आता अंदर या, भाकर खा, गरम हाय."

"मग? हसले का ते?"

"हसते काय! खांबाले धरून रडले."

मोठेबाबा, तिनंच मला सांगितलं. जिथे जिथे ती गोष्ट सांगितलीत, त्या प्रत्येक गावी तुम्ही परत गेलात. दोन हिवाळे आणि एक पावसाळा. दार वाजवून, जोडे काढून, माझं ते चित्र दाखवून. ती म्हणाली, "म्या म्हटलं, बुवा, एखांदी सायकल घ्या. तं म्हंते, चूक पायी पायी सांगत गेलो, दुरुस्तीबी पायीच गेली पायजे."

मी विचारलं, सगळीकडे लोक असेच बोलले का, तिच्यासारखे? तिनं फुलं उगाच वरखाली केली. "नाई वं. एका गावात दोन घरं सुटले. म्हने आज नांगर खोटा निंघाला, उद्या देव खोटा निंघन. बुवा तिथं तीन डाव गेले. आले नाई ते परत."

दोन घरं! ती कुणामुळे सुटली? माझ्यामुळेच ना? मी बक्षीस घेत होते तेव्हा तुम्ही त्या दारात उभे होतात.

घरी आल्यावर शाळेतला तो मॅप मी पुन्हा उघडला. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. लाल रेघेला लागून दुसरी लाल रेघ आहे, इतकी जवळ की एकच वाटते. ती परतीची. ज्या गावांत पौलाला हाकललं, दगड मारले, त्याच गावांतून तो परत गेला, माणसं कशी आहेत ते पाहायला. आम्हाला शाळेत शिकवलं, सुवार्ता अशी पसरली, एका शहरातून पुढच्या शहरात, पुढे, पुढे. परीक्षेत मी तसंच लिहिलं आणि मार्क मिळवले. पण पुढे गेल्यानं पसरते का ती? की परत गेल्यानं? गुंफाबाईला तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा पटलं, की दुसऱ्यांदा गेलात तेव्हा? मी तिला विचारलं तर म्हणाली, "पयल्या डावाले गोष्ट आवडली. दुसऱ्या डावाले मानूस."

चूक काढायला मला शाळेनं शिकवलं. काढलेल्या चुकीचं पुढे काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. आणि ज्याला येत होतं त्याला मी विचारलं नाही.

तर आता आबा.

तुम्ही गेलात ते सांगायला बाबा गावी गेले होते. आबा ऐंशीच्या घरात, डोळे जवळपास गेलेले. रडले नाहीत. एवढंच विचारलं, "कोन्या मातीत ठुला त्याले?" बाबा म्हणाले, काळ्या. आबा म्हणाले, "मंग ठीक." मग म्हणाले, "आता नांगराचं मले कोन सांगन?" आणि मग, "ते पोरगी पाठव तुही. वाचते म्हंते ते. पुस्तकातून वाचून सांगन तं बरं होईन. सखाराम मांगच्या तीन डावापासून बराबर सांगतच नोहता."

म्हणजे या दोन वर्षांत तुम्ही तीनदा गेलात त्यांच्याकडे! बसलात, जेवलात, आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्ही "नाई सापडले" एवढंच पुटपुटलात आणि परत आलात. तीनदा. आणि फुली मारली नाहीत. खोटी फुली मारणं तुम्हाला जमलं नसतं, हे मला माहीत आहे. पण परक्या दारांत जोडे काढून उभा राहणारा माणूस आपल्या बापापुढे गप्प बसला. का?

मला कळतं, का. दुसऱ्या गावांत गोष्ट गेली तर गोष्ट गेली. इथे गेली तर घोंगडीवरची जागा जाते. आबांनी तुम्हाला आत घेतलं ते तुमच्या देवासाठी नाही, त्या चार कास्तकारांसाठी. आणि ते चौघं कधी नव्हतेच! आंधळ्या म्हाताऱ्याला सांगायचं, की इतकी वर्षं तुम्ही ज्यांच्यासाठी हळहळलात ते कुणी नव्हते? की गप्प बसून तेच वाचून दाखवायचं? पुस्तकात 'नांगर' हाच शब्द आहे. मी एक अक्षरही न बदलता वाचू शकते. कुणालाच कळणार नाही. अक्षरं तर तीच आहेत.

हे सोपं आहे, म्हणूनच भीती वाटते.

एक गोष्ट मी बाबांनाही सांगितलेली नाही. शेवटच्या दुपारी मी तुमच्या उशाशी होते. ताप उतरला होता, तुम्ही डोळे उघडलेत आणि स्पष्ट म्हणालात, "रुथ, चांदूरचं रा..." आणि खोकला आला. पुढचं खोकल्यात गेलं. मी म्हटलं, काय मोठेबाबा? तुम्ही हात हलवलात, आणि मग काही बोललाच नाहीत. मला तेव्हा वाटलं, आबांना भेटायचं राहिलं म्हणत असाल. आता रोज ते अर्धं अक्षर कानात वाजतं.

मी जाणार. हे माझं वचन आहे तुम्हाला, आणि स्टेशनापासून पायीच जाणार. आबांच्या पायाशी बसून तो अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार. मग जसं आहे तसं सांगणार, आणि आधी हे सांगणार की चूक काढणारी मी होते, हसणारी मी होते, आणि दारोदार जाऊन माफी मागणारे तुम्ही होतात. आबांनी माझी थाळी बाहेर ठेवली तर मी अंगणात उभी राहीन, पुढच्या वर्षी परत जाईन, त्याच्या पुढच्या वर्षीही जाईन. तुम्ही गेलात तसं.

असं ठरवलं आहे मी. पण ठरवणारी मी तीच ना, जी मेळाव्यात उठून उभी राहिली होती? या वेळी तरी मला आधी विचारायचंय. त्या दुपारी तुम्ही काय म्हणत होतात, मोठेबाबा? "चांदूरचं राह्यलं," की "चांदूरचं राहू दे"?

तुमची,
रुथ